जावक वहीत नोंद नाही

संपादकांनी माझ्याकडे मागितली होती ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची आठवण. दर एक मेला आमच्या लालबागच्या चाळीचं मंडळ मला स्टेजवर बसवतं, शाल घालतं, नारळ देतं, आणि माइकवरचा मुलगा माझं नाव चुकवत मला ‘लढ्याचे जिवंत साक्षीदार’ म्हणतो. मोर्च्यात मी होतो, हे खोटं नाही. पण त्यातल्या एका मोर्च्याला मी कसा गेलो, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तेच लिहून पाठवतो आहे. छापायचं नसेल तर संपादकांनी परत पाठवावं, पण बंद पाकिटात.

मी परळच्या एका समाजसेवी संस्थेत कारकून होतो. संस्था आता नाही. जिच्यात मी चाकरी केली, तिचं नाव सांगून कोणाचं भलं होणार नाही. क्षयाच्या रोग्यांच्या घरी मदत पोचवणं, निराधार म्हाताऱ्यांची सोय, टाकलेल्या मुलांसाठी बालकगृह, आणि लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना बाळंतपणापर्यंत ठेवून घेणं, अशी कामं होती. या शेवटच्या कामाबद्दल अहवालात एक ओळसुद्धा नसे. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलायचं नाही.

माझी नात एका बँकेत काम करते. लोकांची माहिती फुटली की येणाऱ्या तक्रारी बघायच्या, हेच तिचं काम. ती एकदा म्हणाली, ‘‘आजोबा, तुमच्या वेळी हे नव्हतं.’’ होतं. आमच्या वेळी ते सामाईक नळावर व्हायचं. आणि त्याच्या तक्रारी माझ्याच टेबलावर यायच्या, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि चिटणीसांना रडणारी माणसं आवडत नसत.

बाहेरच्यांना कळावं म्हणून काम कसं चाले ते सांगतो. प्रत्येक माणसाची एक फाइल, आणि फाइलीवर नाव नाही, फक्त नंबर. कुठला नंबर कोणाचा, हे एका वेगळ्या वहीत. ती वही लोखंडी कपाटात. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक चिटणीसांकडे, एक माझ्याकडे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद जावक वहीत करायची: क्रमांक, दिनांक, कोणास, विषय, कसे पाठवले. तक्रार आली की मी ती लिहून घ्यायचो, वह्या बघायचो, संबंधितांना विचारायचो आणि खाली शेरा मारायचो. शेरे दोनच. ‘तक्रारीत तथ्य आहे’ किंवा ‘तक्रारीत तथ्य आढळले नाही’. पहिला शेरा मी फार थोड्या वेळा लिहिला.

एकदा लिहिला तो एका कोळणीसाठी. तिचा नवरा क्षयानं अंथरुणावर होता, आमच्याकडून औषध आणि दूध जायचं. आमची एक नवी कार्यकर्ती तिला दादरच्या बाजारात गाठायला गेली आणि गिऱ्हाइकांच्या घोळक्यात उभं राहून तिनं मोठ्यांदा विचारलं, नवऱ्याच्या थुंकीतून रक्त पडतं का अजून? त्या दिवसापासून तिच्या पाटीकडे कोणी फिरकेना. तिसऱ्या दिवशी ती पाटी डोक्यावर घेऊन थेट ऑफिसात आली आणि चिटणीसांच्या दाराशी पाटी उतरवून बसली. सगळा मजला बोंबलांनी दरवळला. मला म्हणाली, ‘‘तुझ्या त्या बाईला सांग, माझ्या नवऱ्याचं विचारायचं तर आधी मासळी घे. वाकून भाव करते तशी वाक, आणि कानात विचार. चार पैशाचे बोंबील नि चार शब्द. नाहीतर येऊ नको.’’ मी तथ्य आहे असं लिहिलं आणि पुढे खरोखरच तसा नियम केला. आमच्या कार्यकर्त्या बाजारात आधी काहीतरी विकत घ्यायच्या. घरी जाताना त्यांच्या पिशवीत बोंबील असायचे, त्यावरून ब्राह्मण कार्यकर्त्यांच्या घरी भांडणं झाली, ती गोष्ट वेगळी.

दुसरे गिरगावातले एक निवृत्त मास्तर. मुलगा वारल्यावर त्यांना आमच्याकडून शिधा जाई. वार्षिक अहवालात कोणीतरी उत्साहानं छापलं, ‘एक गरजू सद्गृहस्थ’, आणि कंसात त्यांचं आडनाव. मास्तर अहवाल घेऊन आले. आवाज चढवला नाही. शाईची दौत आणि दोन टाक स्वतःच्या घरून आणले होते. उरलेल्या प्रती काढा, म्हणाले. आम्ही दोघं दिवसभर बसून ते आडनाव काळं करत होतो. संध्याकाळी हात पुसत ते म्हणाले, ‘‘वाटलेल्या प्रतींचं काय ते तुम्हीच ठरवा. ज्यांच्याकडे त्या गेल्या, त्यांच्या दारावरून मी आता जात नाही.’’

हे किस्से मी चारचौघांत सांगत आलो आहे. लोक हसतात, मग गप्प होतात, मला बरं वाटतं. पुढचं सांगितलेलं नाही.

सुमन गायकवाड आमच्याकडे गृहभेटींचं काम करायच्या. वयानं माझ्याएवढ्याच, पण सगळे सुमनताई म्हणत. नायगावच्या बी.डी.डी. चाळीत राहायच्या. त्यांच्या घरानं बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली होती, त्याला फार दिवस झाले नव्हते. मॅट्रिक झालेली त्यांच्या मजल्यावरची ती पहिलीच मुलगी. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींचं काम त्यांच्याकडे होतं, आणि त्यांची एक पद्धत होती, तिच्यावरून आम्ही त्यांची थट्टा करायचो. त्या मुलींच्या घरी कधी जायच्या नाहीत. निरोप कागदावर लिहायच्या नाहीत. मुलीचं जे कोणी जवळचं माणूस असेल, त्याला चाळीपासून लांब गाठून तोंडी सांगायच्या. मी त्यांना एकदा म्हटलं होतं, ‘‘ताई, तुम्ही पोस्टखात्याचं दिवाळं काढणार.’’ त्या म्हणाल्या, ‘‘आमच्या चाळीत पत्र आलं की आधी मजला वाचतो, मग घर. मला माहितीये.’’

काळाचौकीच्या एका चाळीतली मुलगी आमच्याकडे बाळंत झाली होती. तिचं नाव मी देणार नाही, बदलूनही देणार नाही. ती मावशीकडे राहायची. मावशी मालवणकडची, विधवा, गिरणीत रिळं भरायच्या खात्यात. मुलगी चार महिने गावी गेली आहे, असं मावशीनं चाळीत सांगितलं होतं. मुलगा झाला. त्याला एका जोडप्याकडे देण्याचं ठरलं आणि मुलगी परत मावशीकडे गेली. जाताना तिनं सुमनताईंकडून एकच कबूल करून घेतलं. देण्याआधी मला एकदा बघू द्या. सुमनताईंनी शब्द दिला आणि तो फाइलीवरही लिहिला, अधोरेखित करून.

त्या आठवड्यात बाळ शुक्रवारी द्यायचं नक्की झालं, आणि मंगळवारी सुमनताई तापानं पडल्या. त्यांनी भावाच्या हाती मला बंद चिठ्ठी पाठवली. साडेतीनला गिरणी सुटते, दारावर मावशीला गाठा, गुरुवारी दुपारी मुलीला घेऊन यायला तोंडी सांगा. तोंडी या शब्दाखाली दोन रेघा.

त्याच दुपारी लालबागहून मोर्चा निघायचा होता, चौपाटीच्या सभेला. तीन वाजता. माझा एक मित्र खालून ओरडत होता, ‘‘भाल्या, येतोस का तिथेच कारकुंडा म्हणून मरतोस?’’ परळहून त्या गिरणीचं दार पंधरा मिनिटांवर होतं. तिथे अर्धा तास उभा राहिलो असतो आणि मग ट्राम धरून चौपाटीला गेलो असतो, तरी अर्धी सभा मिळाली असती. पण मला मोर्च्यात पुढे राहायचं होतं. घोषणा द्यायच्या होत्या. आपण इतिहास घडवतोय, असं आम्हाला रोज वाटायचं.

मी कपाट उघडलं, नावांच्या वहीतून मावशीचा पत्ता काढला, आणि एक पोस्टकार्ड लिहिलं. पाकिटं संपली होती असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. संपली नव्हती. कार्ड हाताशी होतं. आणि आपण किती हुशार आहोत, याचा मला त्या क्षणी आनंदही झाला. बाळ हा शब्द मी टाळला. मी लिहिलं: ‘आपली ठेव शुक्रवारी सुपूर्द होत आहे. गुरुवारी दुपारी समक्ष येऊन पाहून जावे.’ ठेव. हा शब्द सुचला म्हणून मी खूष होतो.

मग सवयीनं, रोज शंभर कागदांवर मारतो तसा, खाली विभागाचा गोल शिक्का मारला. परित्यक्त बालक विभाग.

मोर्चा निघाला होता. जावक वही उघडून नोंद करायला वेळ नव्हता. कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड टाकलं आणि धावत जाऊन मित्राला गाठलं. चौपाटीवर मी घसा बसेपर्यंत ओरडलो.

गुरुवारी कोणी आलं नाही. शुक्रवारी जोडपं आलं आणि बाळ घेऊन गेलं. मी त्यांच्यासाठी चहा मागवला होता.

सोमवारी मावशी आली. गिरणीतला कापूस केसांत तसाच होता. तिला चिटणीसांना भेटायचं होतं, त्यांनी माझ्याकडे पाठवली. मी तक्रारीचा कागद पुढे ओढला. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती बोलत गेली आणि मी लिहीत गेलो. बुधवारी पोस्टमननं कार्ड दिलं. ती कामावर होती. कार्ड शेजारणीच्या हातात गेलं, तिथून मजल्यावरच्या एका शिकलेल्या माणसाच्या. त्यानं गॅलरीत उभं राहून वाचलं. ठेव म्हणजे काय, कोणाला कळेना. मावशीकडे कुठली ठेव, म्हणून लोक हसले. मग त्यानं खालचा शिक्का वाचला. तो वाचल्यावर कोणी हसलं नाही. गावी काढलेले चार महिने सगळ्यांनी बोटांवर मोजले. त्या मुलीचा भाऊ दोन चाळी सोडून राहत होता. संध्याकाळी त्यानं कार्ड मावशीच्या डोळ्यांपुढे धरलं, मग चुलीत घातलं, बहिणीला मारलं आणि गुरुवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं गावाला घेऊन गेला.

हे सगळं मी लिहून घेतलं, आणि चांगलं लिहिलं. माझ्याविरुद्धची तक्रार माझ्या हातानं, शुद्ध मराठीत. मावशी टेबलावर वाकून माझ्या टाकाकडे बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली,

‘‘त्या कार्डार पण असाच गोल गोल हुता.’’

मी टाक थांबवला नाही. म्हटलं, ‘‘मावशी, शिकलेल्या सगळ्यांचं अक्षर असंच असतं.’’

‘‘असात,’’ ती म्हणाली. ‘‘माका वाचूक येणा नाय.’’

मग मी तो कागद तिला वाचून दाखवला, सही करण्याच्या जागी शाई लावून अंगठा घेतला. उठताना तिनं मला विचारलं, बाळ गेलं का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, ‘‘चाळीचा काय, चाळ बोलतली नि इसारतली. पोरीक पोर बघूचा हुता. तेवढाच मागलेला तिनी.’’

तक्रार समितीपुढे गेली. समितीत तीन सभासद, शिवाय चिटणीस, आणि वह्या घेऊन मी. सुमनताईंना बोलावलं. ताप नुकताच उतरला होता, त्यांनी खुर्चीचा हात धरून ठेवला होता. त्यांनी सरळ सांगितलं, मी आजारी होते, निरोप तळवडेकरांकडे दिला होता, बंद चिठ्ठीनं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी नाही म्हणालो नाही. नाही म्हणण्याइतकीही हिंमत माझ्यात नव्हती. मी म्हणालो, ‘‘अशी चिठ्ठी आल्याची आवक वहीत नोंद नाही. आणि कार्ड गेल्याची जावक वहीत नोंद नाही.’’

दोन्ही वाक्यं खरी होती. वह्या मी त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी पानं चाळली. नोंद नाही म्हणजे झालं नाही, ही आमच्या धंद्यातली सर्वांत सोयीची श्रद्धा आहे, आणि मी तिचा पुजारी होतो. अक्षर बघायला कार्डच उरलं नव्हतं.

मग प्रश्न आला की कार्ड कोणी पाठवलं. पत्ता माहीत असलेली माणसं तीन. चिटणीसांचा प्रश्नच नव्हता. मी वह्यावाला, विश्वासू. समितीतल्या एक बाई, खादी नेसणाऱ्या, गावोगाव समतेवर भाषणं देणाऱ्या, सुमनताई बाहेर गेल्यावर म्हणाल्या, ‘‘या लोकांना विश्वासाच्या जागेवर नेमताना विचार करायला हवा होता. शिकतात, पण पोटात काही राहत नाही.’’ कोणी काही बोललं नाही. मीही नाही. पुढे त्या बाईंच्या नावानं एक सभागृह झालं. आमच्या मंडळाचा एक सत्कार तिथेच ठेवला होता. मी गेलो आणि पहिल्या रांगेत बसलो.

निकाल मला लिहायला सांगितला. ‘संस्थेच्या कार्यालयातून कार्ड पाठविले गेल्याच्या तक्रारीत तथ्य आढळले नाही. मात्र गृहभेट कार्यकर्तीकडून खासगी माहिती बाहेर गेली असावी असा संशय घेण्यास जागा आहे. सबब त्यांना सेवामुक्त करण्यात येत आहे.’ कार्ड गेलंच नाही, आणि माहिती त्यांच्याकडून गेली. एका परिच्छेदात आम्ही दोन्ही बसवलं. चिटणीस म्हणाले, मसुदा उत्तम झालाय.

सुमनताई आपलं टेबल आवरायला आल्या. मी मान खाली घालून लिहीत होतो. त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

‘‘तळवडेकर, तुम्ही गेला होतात का गिरणीवर?’’

मी म्हटलं, मोर्चा होता.

त्यांनी मान हलवली. एवढंच. मग म्हणाल्या, ‘‘तिला कळवता आलं तर बघा, बाळ बरं होतं म्हणून. तोंडी.’’

मी ते कळवलं नाही.

पुढे मी त्याच संस्थेत मोठा झालो. कार्यालय प्रमुख झालो. मी नियम केले: उघडं कार्ड संस्थेतून जायचं नाही, पाकिटावर शिक्का मारायचा नाही, विभागाच्या नावाचा शिक्काच मोडून टाकायचा, मुलींचा निरोप तोंडी आणि चाळीपासून लांब. दुसऱ्या दोन संस्थांनी ते नियम मागून नेले. माझ्या निरोप समारंभात त्यांचा गौरवानं उल्लेख झाला. ते नियम माझे नव्हते. एकूण एक सुमनताईंची पद्धत होती. मी ती कागदावर उतरवली आणि खाली माझी सही केली.

आता लोकांना सवय झाली आहे, जुन्या चुका आल्या की ‘तो काळच तसा होता’ म्हणायची. मला या वाक्याची चीड येते. काळ तसा नव्हता. त्याच काळात, त्याच ऑफिसात, माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई हे काम नीट करत होती. जे तिला कळत होतं ते मलाही कळत होतं. म्हणून तर मी ठेव हा शब्द शोधला. न कळणारा माणूस सरळ बाळ लिहितो.

मागच्या वर्षी मी नायगावला गेलो. काठी घेऊन, विचारत विचारत. सुमनताई जाऊन बरीच वर्षं झाली होती. संस्थेनंतर त्यांनी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवलं, तिथूनच निवृत्त झाल्या. त्यांची मुलगी भेटली, तीही आता साठीच्या पुढची. मी कोण ते सांगितलं. मग जे घडलं ते सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली,

‘‘आईला त्या संस्थेतून काढलं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. का काढलं ते तिनं कधी सांगितलं नाही. बाबांनाही नाही. लोक काय काय म्हणायचे. मी लहानपणी भांडले तिच्याशी, की तू काही केलं नव्हतंस तर सांगत का नाहीस? तर म्हणायची, ते सांगायचं तर दुसऱ्या कोणाचं तरी सांगावं लागेल. ते खासगी आहे.’’

तिनं पाणी आणून दिलं. दुसऱ्याचं गुपित फोडलं म्हणून जिला आम्ही हाकललं, तिनं स्वतःचं नाव धुऊन काढण्यासाठीसुद्धा ते फोडलं नाही. नवऱ्याजवळ नाही, पोटच्या मुलीजवळ नाही. आणि पोटात काही राहत नाही म्हणणारीचं नाव सभागृहाच्या दारावर आहे.

निघताना मी मुलीला विचारलं, हे छापलं तर चालेल का. ती म्हणाली, ‘‘आईचं नाव घाला. तुमचं घाला. बाकी कोणाचं घालू नका, तिला आवडणार नाही.’’ तसंच केलं आहे. गिरणी कुठली, चाळ कुठली, साल कुठलं, हे कोणी मला विचारू नये. ती मुलगी असेल तर आता माझ्यासारखीच थकली असेल. तो मुलगाही कुठेतरी म्हातारा होत असेल. त्यांना यातलं काही कळणार नाही, आणि आता सांगण्याचा हक्कही मला नाही.

मंडळाच्या मुलांना मी शाल परत पाठवली आहे. पुढच्या एक मेला मला बोलावू नये.

जावक वहीतली एक ओळ राहिली होती, ती इथे भरतो.

दिनांक: मंगळवार, मोर्च्याचा दिवस. कोणास: नाव खासगी. विषय: एका मुलीला तिचं मूल बघू देण्याबाबत. कसे पाठवले: उघडे कार्ड, शिक्क्यासह. पाठवणार: भालचंद्र तळवडेकर, कारकून. निरोप तोंडी देण्याची सुमन गायकवाड यांची लेखी सूचना मिळाली होती.

शेरा: तक्रारीत तथ्य आहे.